एकोणीसशे घोडे आणि चार टायर

उन्हाळ्यात चेन्नईच्या हवामानाच्या बातमीत दोन नावं रोज येतात, मीनंबाक्कम आणि नुंगंबाक्कम. मीनंबाक्कमला विमानतळ, नुंगंबाक्कमला कॉलेज रोडवरची वेधशाळा. ३१ मे २००३ रोजी इथे ४५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आमची इमारत या वेधशाळेपासून पायी जाण्याइतकी जवळ, त्यामुळे मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे फिरकत नाहीत. दादा मात्र येतो. भाचीशी कडकडून वाद घातल्याशिवाय त्याचं वर्ष पुरं होत नाही.

दादा पुण्याचा. टायरच्या कारखान्यात टेस्टिंगला होता. निवृत्त झाला तरी रस्त्यात उभ्या गाडीचा टायर निरखल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. माझी लेक महिंद्रा सिटीच्या बाजूला एका कंपनीत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या थंड कशा ठेवायच्या, यावर काम करते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. म्हणून दोघं मला पंच नेमतात, गणितं माझ्याकडून करून घेतात आणि निकाल काही मानत नाहीत. यंदाच्या वादाला निमित्त झाली खादर नवाझ खान रोडच्या बाजूनं रविवारी सकाळी गुरगुरत गेलेली कुणाची तरी महागडी गाडी. लेक त्याला मामा म्हणते, म्हणून खालीही मामाच.

मामा : एवढ्याशा रस्त्यात पाचशे घोडे! पुढच्या सिग्नलला जाऊन शेवटी सिटी बसच्या मागेच उभा राहणार ना?

भाची : पाचशेचं काय घेऊन बसलास, मामा. आपल्या महिंद्रांच्या कंपनीनं एकोणीसशे घोड्यांची गाडी काढलीय. बतिस्ता. जगात फक्त दीडशे.

मामा : आपल्या म्हणजे? बांधतात कुठे?

भाची : इटलीत. तुरीनजवळ कांबियानोला.

मामा : बॅटरी कुणाची?

भाची : रिमॅकची. क्रोएशियातली कंपनी.

मामा : आणि ऑफिस?

भाची : म्युनिकला.

मामा : मग आपलं त्यात काय? चेक?

पहिला डाव दादानं जिंकला, हे मान्य करायला हवं. तरी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. बतिस्ता ‘पिनिन’ फारिना या कारागिरानं १९३० साली तुरीनला गाड्यांच्या बॉडी बांधण्याचा कारखाना काढला. पुढे फेरारीच्या कितीतरी गाड्यांना याच घराण्यानं रूप दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये महिंद्रांनी ही पिनिनफारिना विकत घ्यायचा करार केला, २०१८ मध्ये गाड्या बनवण्यासाठी तिच्या नावानं वेगळी कंपनी काढली आणि मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात संस्थापकाचंच नाव दिलेली ही गाडी उभी केली. ग्राहकांच्या हाती ती २०२२ पासून पडू लागली. किंमत साधारण वीस लाख युरो. चार चाकांना चार स्वतंत्र मोटर, सगळ्यांची मिळून १४०० किलोवॉट, म्हणजे १९०० अश्वशक्ती. बॅटरी १२० किलोवॉट-तासांची. वजन दोन टनांच्या वर. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर गाठायला १.८६ सेकंद, २०० गाठायला ४.७५ सेकंद. कमाल वेग ३५०. एकेक गाडी हातानं जुळवायला १२५० तासांहून जास्त लागतात, असं कंपनी सांगते.

सेकंदाचा शंभरावा भाग सांगणाऱ्या आकड्यांकडे मी जरा तिरकसच बघते. नुंगंबाक्कमची वेधशाळा १७९२ ची, आणि एके काळी देशातल्या बहुतेक रेल्वे तिच्या घड्याळावर, म्हणजे मद्रास टाइमवर, धावत होत्या. वेळ कुठून मोजायला सुरुवात करायची, यावर वेळ अवलंबून असते, हे इथल्या माणसाला सांगावं लागू नये. ड्रॅग रेसिंगच्या रिवाजानुसार गाडी पहिला फूट सरकल्यावर घड्याळ चालू होतं. टेस्लानं आपल्या मॉडेल एस प्लेडचा दोन सेकंदांच्या आतला आकडा जाहीर केला, तो हा पहिला फूट वगळूनच.

मामा : ते सोड. १.८६ खरंच आहे असं धरून चालू. (माझ्याकडे वळून) तू सांग, शंभरला पोचायला सरासरी ताकद किती लागली?

मी हिशेब केला. वजन बावीसशे किलो धरलं. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा येते साधारण साडेआठ लाख जूल. तिला १.८६ नं भागलं, की ४६० किलोवॉटच्या आसपास. गाडीत आहेत १४००.

मामा : म्हणजे एकतृतीयांश! बाकीचे घोडे काय करत होते? तबेल्यात उभे राहून चारा खात होते?

भाची : बरोबर, उभेच होते. त्यांना उभं ठेवणं हेच तर काम आहे. सुरुवातीला टायरची पकड जेवढी, तेवढंच बल रस्त्याला देता येतं. त्याच्या पुढे गेलास की चाक जागच्या जागी फिरणार, धूर निघणार आणि गाडी मागे राहणार. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वेग कमी असताना बल टायरनं अडवलेलं, म्हणून शक्तीही अडलेली. दीड जी एवढं त्वरण टायर देतात असं धर, तर ताशी दीडशे ओलांडेपर्यंत एकोणीसशे घोडे पुरते वापरताच येत नाहीत.

मामा : हे मी चाळीस वर्षं सांगतोय! गाडीची ताकद इंजिनात नसते, टायरखाली असते. आम्ही टायरला शाई लावून वजनाखाली कागदावर दाबायचो. उठलेला ठसा बघायचा. केवढी गाडी आणि केवढासा ठसा! पंज्याहून थोडा मोठा. कागद भिंगाखाली धरला, की कुठे कड जास्त टेकते, कुठे मध्य उचललाय, सगळं कळतं. हवा तीन-चार पौंडांनी कमी-जास्त झाली तरी ठसा बदलतो. आणि तुमचे एकोणीसशे घोडे त्या चार ठशांवर नाचणार.

भाची : नाचत नाहीत, तेच तर सांगतेय. पेट्रोलच्या गाडीत इंजिन एक, ताकद गिअरबॉक्समधून, डिफरन्शियलमधून चाकांपर्यंत पोचणार. एक चाक घसरलं तर ब्रेक दाबून त्याला आवरायचं. इथे प्रत्येक चाकाला आपली मोटर. घसरायला लागायच्या आत त्याच चाकाचा टॉर्क उतरवता येतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त, आतल्याला कमी, किंवा आतल्याला उलटा. ड्रायव्हर स्टीअरिंग फिरवतो, पण गाडी वळते ती चार मोटरच्या संगनमतानं.

मामा : आणि साडेतीनशेला? तिथे संगनमत रबराशी करावं लागतं. (पुन्हा माझ्याकडे) चाकाची त्रिज्या पस्तीस सेंटीमीटर धर.

हेही केलं. ताशी ३५० म्हणजे सेकंदाला ९७ मीटर. चाक सेकंदाला चव्वेचाळीस वेळा फिरतं. केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वाच्या पावणेतीन हजार पट. टायरच्या कडेचं एक ग्रॅम रबर पावणेतीन किलोच्या ओढीनं बाहेर सुटू पाहतं. दादानं हे ऐकून विजयी मुद्रेनं चष्मा पुसला. टायर बनवणाऱ्याला या वाहवाहीत वाटा मिळत नाही, ही त्याची जुनी व्यथा आहे आणि ती मला रास्त वाटते. एमआरएफचं मुख्यालय आमच्या शेजारीच, ग्रीम्स रोडवर. पण तिथून जाणारा कुणी मान वर करून बघत नाही.

भाची : बरं, टायरला सलाम. आता माझ्या खात्याकडे येऊ? चौदाशे किलोवॉटवर १२० किलोवॉट-तासांची बॅटरी किती पुरेल?

मामा : पाच मिनिटं.

भाची : पाचच. आणि त्या पाच मिनिटांत ताकदीतले पाच टक्के जरी उष्णतेत गेले तरी सत्तर किलोवॉट. दोन किलोवॉटचे पस्तीस गीझर एका गाडीत एकदम चालू केल्यासारखे. ती उष्णता बाहेर काढली नाही तर सेल तापतात, सेल तापले की सॉफ्टवेअर ताकद कापतं, आणि एकोणीसशे घोड्यांची गाडी चारशेची होते. बुगाटी वेरॉनला २००५ मध्ये हजार घोड्यांसाठी दहा रेडिएटर लागले. विजेच्या गाडीत उष्णता त्या मानानं कमी निघते, पण सेलना कुरकुर करायला चाळीस-पन्नास अंशही पुरतात. इंजिनाचं कूलंट शंभर अंशांच्या घरात असतं, बाहेर पंचेचाळीस असले तरी फरक मोठा, उष्णता आपोआप वाहते. बॅटरीचं पाणी मला तीस अंशांवर ठेवायचंय आणि बाहेर नुंगंबाक्कमचा मे! गरम हवेनं थंड पाणी आणखी थंड करता येत नाही. मग एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीच्या सेवेला लावावा लागतो, आणि तोही वीज खातो.

इथे ती जरा थांबली. तिच्या कामाचं इतकं नीट वर्णन तिनं मलाही कधी केलं नव्हतं.

मामा : हे मान्य. पण मग दीडशेच गाड्या कशाला? टेस्ट-बेंचवर बॅटरी ठेव आणि तापव हवी तेवढी.

भाची : बेंचवर ग्राहक तक्रार करत नाही.

मामा : वीस लाख युरो देणारा ग्राहक गाडी चालवतो तरी का? वातानुकूलित गॅरेजमध्ये चादर घालून ठेवतो.

भाची : काही ठेवतात. पण ‘थोड्याच गाड्या’ ही कल्पना श्रीमंतांच्या हौसेतून आलेली नाही, ती शर्यतीच्या नियमांतून आली. रॅलीच्या ग्रुप बी वर्गात उतरायचं तर वर्षात निदान दोनशे गाड्या बनवून दाखवा, असा नियम होता. पोर्शची ९५९ त्यासाठीच आखली गेली. चारही चाकांना ताकद, एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो. ग्रुप बी बंद झाला तरी गाडी निघाली, तोट्यात विकली गेली. आणि मामा, तुझ्या खात्यातली एक गोष्ट त्यात होती.

मामा : हवेच्या दाबाचा सेन्सर. माहितेय.

भाची : टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, ते. ऐंशीच्या दशकात तीनशेच्या आसपास लोकांना मिळालेली चीज आज दहा-बारा लाखांच्या गाडीत येते. आपण पुण्याहून येताना वाटेत दिवा लागला होता ना?

मामा : तो सेन्सर खराब होता, हवा ठीक होती.

हा मात्र रडीचा डाव होता, आणि मी तसं सांगितलं. दादा लगेच दुसऱ्या बाजूनं आला.

मामा : ९५९ नंतर मॅक्लारेन एफ-वन घे. १९९२. कार्बन फायबरचा सांगाडा असलेली रस्त्यावरची पहिली गाडी. सगळ्या मिळून १०६ बनल्या. तीस वर्षं उलटून गेली, कुठल्या दहा लाखांच्या गाडीत कार्बनचा सांगाडा आला? नाही आला. कारण तो साच्यात हातानं थर लावून, भट्टीत शिजवून करायचा असतो. बाराशे पन्नास तास! जिथे कारागिराचा हात चूक सावरून घेतो, तिथे इंजिनीअरिंग अजून पुरं झालेलं नसतं. पहिला टायर आणि लाखावा टायर एकसारखा निघाला पाहिजे, रात्रपाळीत, पावसाळ्यात, नवा ऑपरेटर असताना. ते खरं अवघड. दीडशे गाड्या कुणीही रंधा मारून बसवेल.

माझ्या मते दादाचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा. गाड्यांवर लिहिणारे लोक ताकदीच्या आकड्यावर तीन पानं खर्च करतात आणि कारखान्यातल्या सातत्यावर एक ओळही लिहीत नाहीत. त्यातून वाचकाचा समज होतो, की वेगवान ते अवघड आणि साधं ते सोपं. मारुती ८०० चा क्लच वर्षानुवर्षं शेतातल्या रस्त्यांवर तग धरून होता, यामागे किती डोकी झिजली असतील त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. पण ‘कुणीही रंधा मारून बसवेल’ हे मात्र खोटं, आणि त्याचा पुरावा दादाच्याच गावात आहे.

भाची : कुणीही बसवेल? मग पुण्याची अवंती?

मामा : (जरा वेळानं) अवंतीचं बोलू नकोस.

डीसी अवंती. दिलीप छाब्रिया यांची दोन आसनांची गाडी, २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली, २०१५ च्या सुमारास विक्रीला आली. इंजिन आसनांच्या मागे, चाल मागच्या चाकांना, रूप थेट इटालियन. इंजिन रेनॉचं, दोन लिटरचं टर्बो, अडीचशे घोड्यांचं. किंमत पस्तीस लाखांच्या घरात. मग २०१७ मध्ये तिची मर्यादित आवृत्ती आली, अवंती ३१०. तेच इंजिन ३१० घोड्यांपर्यंत चढवलेलं, गाड्या ३१.

भाची : तीनशे दहा घोडे, एकतीस गाड्या. आकडे इतके जुळतात तेव्हा ते आधी जाहिरातवाल्याच्या टेबलावर आलेले असतात.

मामा : असतील. पण ती पुण्यात बनली ना? तिचा जोड ज्यानं मारला तो माणूस मराठी बोलत होता. तुझ्या बतिस्ताच्या जोडाला इटालियन येतं.

भाची : आता तू पक्ष बदललास.

मामा : नाही बदलला. अवंतीकडे मी काय म्हणून बघतो ते ऐक. बॉडीवाल्याला रूप येतं. इंजिन विकत मिळतं. मधलं काय? टर्बोचा दाब वाढवून अडीचशेचे तीनशे दहा करणं म्हणजे ट्यूनिंग. पण चोवीस टक्के जास्त ताकद आली की इंटरकूलर, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक सगळ्यांनी तेवढंच पुढे सरकायला हवं. हे मधलं काम दिसत नाही. त्यासाठी गाडी महिनोन्महिने ट्रॅकवर मारावी लागते, तोडावी लागते. लहान कंपनीकडे तोडायला गाड्या नसतात.

भाची : म्हणजे रंधा मारून भागत नाही.

दादा हसला. हार मानायची त्याची पद्धत ती.

टाटांचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती लोक विसरले. मार्च २०१७, जिनिव्हाच. टामो रेसमो नावाची छोटी दोन आसनांची गाडी. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, १९० घोड्यांचं, मागे बसवलेलं. शंभरला सहा सेकंदांच्या आत. ही गाडी व्हिडिओ गेममध्ये पोरांनी पळवली, रस्त्यावर कधीच आली नाही. कंपनीनं गुंतवणुकीचा हात आखडता घेतला. एकोणीसशे घोड्यांपेक्षा हे १९० घोडे मला जास्त हवेसे वाटले होते. पंचानं पक्ष घेऊ नये म्हणतात, पण लेख माझा आहे.

मामा : तुमच्या महिंद्रांची ती वाघळाची गाडी काय होती मग? तीही मर्यादितच ना?

भाची : बीई ६ ची बॅटमन एडिशन. ऑगस्ट २०२५. आधी तीनशे म्हणाले, मागणी बघून ९९९ केल्या, २७ लाख ७९ हजार किंमत, १३५ सेकंदांत संपल्या.

मामा : घोडे किती वाढवले?

भाची : एकही नाही. २८६ चे २८६. रंग काळा, सोनेरी रेघा, दारावर वटवाघूळ.

मामा : बघ! बतिस्ता म्हणजे रंग-रूपासकट सगळं वेगळं आणि दीडशे; ही म्हणजे फक्त रंग वेगळा आणि ९९९. आणि लोकांनी दोन-सव्वादोन मिनिटांत उचलल्या. मर्यादित म्हणजे इंजिनीअरिंग, हे कुणी सांगितलं तुला? मर्यादित म्हणजे पावती.

भाची : पण त्या वटवाघळाखाली जी गाडी आहे ती आपल्याकडची आहे, मामा. महिंद्रा सिटीच्या रिसर्च व्हॅलीत घडलेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईतच जगापुढे आलेली. सेल बीवायडीचे आहेत, काही भाग फोक्सवॅगनकडून येतात, मान्य. ते सगळं एकत्र बांधून पंचेचाळीस अंशांत चालवणं हे इथे झालं. आता तुझ्या ‘चेक’चं उत्तर देते. बतिस्ता १२० ची बॅटरी चौदाशेनं उपसते, साधारण बारापट. बीई ६ मध्ये ७९ ची बॅटरी दोनशे दहा किलोवॉटनं, म्हणजे पावणेतीनपट. त्याच सेलमधून चौपट प्रवाह काढला तर उष्णता चौपट होत नाही, सोळापट होते. सोळापट उष्णता सांभाळायला कोण कधी शिकतं? ज्याला सोळापट उष्णतेची गाडी बनवायचीय तो. आणि सामान्य माणसाला ते कुठे लागतं? वेगात पळायला नाही, वेगात चार्ज करायला. वीस मिनिटांत वीसचे ऐंशी टक्के करायचे म्हणजे बॅटरीत तोच लोंढा उलट्या दिशेनं. मे महिन्यात वेल्लूरच्या चार्जरवर उभ्या असलेल्या कुटुंबाला जे लागतं, तेच शर्यतीच्या गाडीला लागतं.

या युक्तिवादाला दादापाशी तयार उत्तर नव्हतं. मला मात्र त्यात एक भोक दिसतं. सोळापट उष्णता सांभाळायला शिकले ते क्रोएशियातले लोक. शिकवणी दुसऱ्याच्या पोरानं घेतली आणि फी आपण भरली, असा तो प्रकार. मालकी विकत मिळते. हाताला लागलेलं वळण विकत मिळत नाही. लेकीनं यावर सांगितलं, की महिंद्रा २०१४ पासून, अगदी पहिल्या हंगामापासून, विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींमध्ये आहेत आणि त्यांचाच जुना ड्रायव्हर निक हाइडफेल्ड बतिस्ताच्या विकासात होता. म्हणजे नातं अगदीच चेकचं नाही. असेल. तरी ते नातं माणसामाणसांतून इथल्या महिंद्रा सिटीपर्यंत आलं पाहिजे.

मग दादा त्याच्या खऱ्या मुद्द्यावर आला. आवाज खाली आला, तेव्हाच मला कळलं.

मामा : १९ मे २०२४. कल्याणीनगर. पोर्श टायकान. पहाटे मोटारसायकलवरची दोन तरुण इंजिनीअर पोरं गेली. चालवणारा सतरा वर्षांचा. मी त्या रस्त्यानं रोज जातो. तू मला चार मोटरचं संगनमत सांगतेस. ते चाक घसरू देत नाही, माणसाला आवरत नाही.

भाची : ते ताकदीमुळे झालं नाही, मामा, वेगामुळे झालं. शंभर घोड्यांची गाडीसुद्धा दीडशे गाठते.

मामा : गाठते. पण गाठायला वेळ घेते. तेवढ्यात समोरचा बाजूला होतो.

इथे मी पंचाची खुर्ची सोडून दादाच्या बाजूला बसले. आकडा पुन्हा बघा : १.८६ सेकंदांत शंभर, म्हणजे पहिल्या एका सेकंदात चोपन्न. रस्त्यावर माणसाला धोका दिसून पाय उचलायलाच एक-दीड सेकंद जातो. महात्मा गांधी रोडवर दुभाजकापाशी उभी असलेली बाई थांबलेली गाडी बघून रस्ता ओलांडू लागते, आणि तिच्या डोक्यात थांबलेल्या गाडीचा जो अंदाज असतो तो आयुष्यभर पाहिलेल्या गाड्यांवरून आलेला असतो. तिनं कधी सेकंदात चोपन्नवर गेलेली गाडी पाहिलेली नसते. ताकदीनं अपघात होत नाही हे खरं. ताकद समोरच्याचा अंदाज चुकवते हेही खरं. केंद्रानं २०१८ मध्ये एक्स्प्रेसवेवर ताशी १२० ची मुभा दिली होती, ती अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रद्द ठरवली, एका अपघातग्रस्त दंतवैद्य बाईंच्या भरपाईच्या प्रकरणात. एकशेवीसला जिथे कोर्ट कचरतं, तिथे साडेतीनशेची गाडी घेऊन जायचं कुठे?

भाची : ट्रॅकवर. त्यासाठीच ट्रॅक असतात. बतिस्तानं २०२३ मध्ये पिथमपूरच्या नॅट्रॅक्सवर पाव मैल ८.५५ सेकंदांत काढला, साडेतीनशेच्या वर गेली. कुणाला ओरखडा आला नाही. आणि चेन्नई तर शर्यतींचं गाव. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर गाड्या पळायच्या, १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टाईला पक्का ट्रॅक आहे, २०२४ मध्ये आयलंड ग्राउंडच्या रस्त्यांवर रात्री फॉर्म्युला फोर झाली. करुण चांदोक इथलाच. वेगाची खाज रस्त्यावर येऊ नये म्हणून ट्रॅक हवेत. आणि इथे त्यांची तिकिटं सिनेमाच्या तिकिटांसारखी सहज मिळायला हवीत.

मामा : यावर माझं भांडण नाही. शोलावरमला मी टायर घेऊन आलो होतो. जुनी विमानाची धावपट्टी, प्रेक्षक गवताच्या गंजीमागे उभे, आणि डांबर इतकं तापायचं की टायरची रेघ न् रेघ झिजून सपाट. संध्याकाळी ते झिजलेले टायर आम्ही पोत्यात भरून कारखान्यात न्यायचो. शिकायला मिळायचं ते त्या पोत्यात.

दोघांचं इथे जमलं, आणि जेवायची वेळही झाली होती.

माझा निकाल त्यांनी विचारला नाही, तो इथे देते. बतिस्ता हे थोर काम आहे, पण तिचा थोरपणा एकोणीसशेच्या आकड्यात नाही. ताकद चुटकीसरशी वाढवता येते हे अवंतीनं दाखवलं, आणि ताकद न वाढवताही मर्यादित आवृत्ती खपते हे वटवाघळानं दाखवलं. दीड टन-दोन टनांचं धूड रस्त्याला चिकटून राहावं, तापू नये, आणि सांगितलं की थांबावं, हे शेवटी गाडी बनवणाऱ्याचं खरं कसब. आपल्या लोकांनी ते कसब दीडशे गाड्यांत मिळवलं काय, की दीड लाखांत, मला सारखंच. मात्र ते इथल्या हातांत आलं पाहिजे.

आणि नवी गाडी घ्यायला निघालेल्या वाचकांना एक विनंती. शोरूममध्ये शून्य ते शंभर किती सेकंदांत, असं सगळेच विचारतात. तुम्ही शंभर ते शून्य किती मीटरमध्ये, असं विचारा. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर ते येईपर्यंत चहा घेत बसा. बतिस्ताचं उत्तर ३१ मीटर आहे.